खाचेचं टोक

तुकडा तुटला, पण आवाज बरोबर आला नाही. ती मशीनकडे पाठ करून खिडकीत चहाचा कप ठेवत होती, आणि पडद्यावरचा आकडा बघायच्या आधीच तिला ते कळलं. इतक्या वर्षांत कान तयार झाले होते. तळहाताएवढा पोलादाचा चौकोनी तुकडा, त्याला दोन भोकं, भोकांत जाड खिळे, आणि मशीन ते दोन खिळे हळूहळू एकमेकांपासून लांब ओढत नेतं. एका क्षणी तुकडा मधल्या खाचेपासून फाटतो आणि खट्ट असा कोरडा आवाज येतो. आज तसं झालं नाही. आज तो बराच वेळ ताणत राहिला, कुरकुरला, आणि शेवटी नाइलाज झाल्यासारखा सुटला. ती वळली. आकडा छान होता. इतका छान की साहेब आपल्या टेबलावरून उठून आले आणि चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "वा! या पोलादाचा पूल बांधला तर आपली नातवंडं म्हातारी होतील, पण पूल हलायचा नाही. रिपोर्ट आजच जाऊ दे." ती "हो सर" म्हणाली. तिच्या तोंडून 'हो' नेहमी आधी निघून जातो आणि ती स्वतः मागून पोचते.

दोन्ही अर्धे तिने दोन वेगळ्या ट्रेमध्ये ठेवले, तुटलेलं तोंड वर करून. मग एक उचलून दिव्याखाली धरला. पोलाद किती चिवट आहे हे बघायचं तर त्याला आधी जखम करावी लागते, आणि ती जखम कशी केली यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. आधी मिलिंग मशीनवर खाच पाडायची. पण खाच कितीही अरुंद पाडली तरी तिचं टोक थोडं गोल राहतंच. खऱ्या भेगेला जशी धार असते तशी कुठल्याच कटरला पाडता येत नाही. म्हणून मग तुकडा या मशीनवर चढवायचा आणि हलक्या भाराने ओढायचा, सोडायचा, ओढायचा, सोडायचा, तासन् तास, जोवर खाचेच्या टोकातून केसासारखी एक भेग आपण होऊन आत शिरत नाही. तिथून पुढे तुकडा तोडला तरच आकडा खरा. घाई केली, भार वाढवला, की त्या टोकाशी पोलाद ताणलं जातं, बोथट होतं, आणि मग ते असं काही चिवट निघतं की बघत राहावं. फसवतं असं नाही. पोलाद बिचारं कुणाला फसवणार? आपणच त्याला सोपं विचारतो आणि ते सोपं उत्तर देतं.

दिव्याखाली सगळं स्वच्छ दिसत होतं. भेगेचा पट्टा एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत गुळगुळीत हवा. इथे तो एका बाजूला होता आणि दुसऱ्या बाजूला जवळजवळ नव्हताच. यात शोध लावण्यासारखं काही नव्हतं. काल संध्याकाळी भार तिनेच वाढवला होता. दुपारपासून मशीन हलत होतं आणि भिंगातून बघावं तर खाचेचं टोक जसंच्या तसं. भेग निघायचं नाव घेईना. आणि काल नवऱ्याच्या फोनचा दिवस होता. फोन येतो तेव्हा घरी असावं, सासूबाईंशीही त्याचं बोलणं व्हावं, आणि खरं म्हणजे फोन घेताना आपल्या अंगाला तेलाचा आणि लोखंडाचा वास नसावा असं तिला वाटायचं, जसं काही तो वास तारेतून पलीकडे जाणार होता. तिने बटण जरासं फिरवलं. मग आणखी जरासं. भेग निघाली, तिने पर्स उचलली आणि जवळजवळ पळत जिना उतरली. फोनसाठी घरी पोचायचं म्हणून एका बाईने पोलादाला घाई केली, हे कुणाला सांगायला जावं तर समोरचा वेड्यात काढेल.

आणि एवढं करून फोनवर काय झालं? तो लांब एका बंदरावर असतो, बोटी लागायचे धक्के बांधायचं काम चालू आहे, तिथले वेल्डिंगचे सांधे तपासतो. फोनमध्ये आधी तिकडचा वारा येतो, मग त्याचा आवाज. "बरी आहेस ना?" "हो. तू?" "मजेत. आई?" "मजेत. जेवलास का?" "हो, जेवलो." मग घसा साफ करून तो म्हणाला, "अगं, इकडे आणखी एक धक्का बांधायचं निघालंय. मला दोन वर्षं वाढवून देतायत. चालेल ना?" आणि ती म्हणाली, "चालेल की." म्हणून झाल्यावर तिला ऐकू आलं आपण काय म्हणालो ते. "म्हणजे, बघू," ती म्हणाली. "उद्या फोन करतो, तेव्हा नक्की सांग," तो म्हणाला, "परवा सकाळी मला कागद सही करून द्यायचाय." आधी दोन वर्षांसाठी म्हणून गेला होता. ती झाली. मग दीड. तीही झाली. प्रत्येक वेळी तो 'चालेल ना' म्हणाला होता आणि ती 'चालेल' म्हणाली होती, आणि नातेवाईक कौतुक करत होते की बघा, किती समजूतदार जोडपं आहे, एवढं लांब राहून कधी कुरबूर म्हणून नाही.

सासूबाई मटार सोलत बसल्या होत्या. त्यांचं बोलणं आधीच उरकलं होतं. फोन ठेवल्यावर त्या मान वर न करता म्हणाल्या, "तुम्हा दोघांचं बोलणं म्हणजे दवाखान्यातल्या नर्सचं. ताप आहे? नाही. झोप लागली? लागली. चला, पुढची खाट." तिला हसू आलं. हसता हसता ती मोरीत गेली आणि नळ सोडून उभी राहिली. बाहेर आली तर सासूबाई तयारच. "मला विचारशील तर..." "तुम्हाला विचारलं नाही मी, आई." "म्हणूनच सांगतेय. तो लहानपणापासून तसाच आहे. बरं नाही का रे विचारलं की बरंय म्हणायचा आणि अंगात हा एवढा ताप. त्याला विचारून कधी कळायचं नाही. कपाळाला हात लावून बघावं लागायचं." ती मटाराची टरफलं गोळा करत होती. "आता हात कुठून लावू आई?" ती म्हणाली. सासूबाईंनी एक मोठी शेंग सोलली आणि त्यातले दाणे तिच्या हातावर ठेवले, लहान मुलीला द्यावेत तसे.

हात लावण्यावरूनच तर सगळं सुरू झालं होतं. तेव्हा ती इथे नवीन होती आणि तो पुलाच्या कंपनीकडून चाचणी बघायला आला होता. बाहेरून येणारा प्रत्येक माणूस एक चूक हमखास करतो. तुकडा तुटला की दोन्ही अर्धे हातात घेतो आणि बसतात का म्हणून एकमेकांना जोडून बघतो. हात शिवशिवतातच. आणि इथे ते सगळ्यात मोठं पाप आहे, कारण तुटलेल्या तोंडावर जे काही लिहिलेलं असतं, भेग कुठून निघाली, कुठे थांबली, ते त्या एका घासण्याने पुसलं जातं. स्वतः तिने पहिल्याच आठवड्यात जोडले होते आणि तेव्हाच्या साहेबांनी चारचौघांत तिची सालटी काढली होती. त्यामुळे हा समोरचा उंच, बाह्या दुमडलेला माणूस दोन अर्धे उचलतोय असं दिसल्यावर तिने काही विचार केला नाही. "अहो, जोडू नका!" असं ओरडली आणि त्याचं मनगट धरलं. सगळी खोली वळून बघायला लागली. त्याने अर्धे तसेच अंतरावर धरून ठेवले, दोन हातांत दोन, आणि म्हणाला, "नाही जोडत. पण सोडा तरी." तिने सोडलं नव्हतं. मनगटाखाली त्याची नाडी लागत होती, भराभर, आणि चेहरा मात्र इतका शांत की कुणी म्हणावं याला काही झालंच नाही. पुढे सगळ्या आयुष्यात तिला तो चेहराच जास्त मिळाला. पण ती नाडी तिला ठाऊक होती. अजूनही कधी भाजी चिरताना, कधी रस्ता ओलांडताना, बोटांच्या टोकांना ती लागते.

खाली वर्कशॉपमध्ये मिलिंग मशीनवर जो माणूस होता त्याला सगळे मायक्रॉन म्हणत, कारण मिलिमीटरचा तो हजारावा भाग सतत त्याच्या तोंडी असायचा. पगार उशिरा झाला तरी तो म्हणायचा, "एक मायक्रॉन लेट." तिने तुकड्याचा अर्धा भाग त्याच्यापुढे धरला. "या खाचा कुठल्या कटरने पाडल्यात?" "का? चांगला कटर आहे." "चांगला होता." मायक्रॉनने कटर काढला, उजेडाकडे धरला, अंगठ्याचं नख त्याच्या धारेच्या दातांवरून फिरवलं. "हं," तो म्हणाला, "याने दाढी केली तर गाल सोलून निघेल आणि केस जागच्या जागी." "मग बदलला का नाहीत?" "अहो, कापतोय की अजून! आवाज करत नाही, अडत नाही, कापतोय. मोडला असता तर त्याच मिनिटाला बदलला असता. गुमान चाललंय त्याच्याकडे कोण बघतं?" ती त्याच्याकडे बघत राहिली. त्याला वाटलं बाई चिडल्या. तो ओशाळून म्हणाला, "नवा आहे माझ्याकडे. खणात आहे. जपून ठेवलाय." "कशासाठी?" "चांगल्या कामासाठी," तो शेवटी म्हणाला आणि स्वतःच हसला. "मग काढा," ती म्हणाली.

साहेबांना तिने उभ्याउभ्याच सांगितलं की रिपोर्ट आज जाणार नाही, खाच बोथट होती, आणि त्यावर भार मी वाढवला. "अगं, पण आकडा तर उत्तम आलाय," साहेब म्हणाले. "म्हणूनच, सर." साहेबांनी चष्मा खाली घेतला आणि तिच्याकडे असं बघितलं की जणू खुर्चीला वाचा फुटली. मग म्हणाले, "बरं. कधी देशील?" ती म्हणाली, संध्याकाळपर्यंत एक तुकडा नीट तोडून दाखवते. बाहेर आल्यावर वर्कशॉपकडे उतरायच्या ऐवजी ती जिना चढायला लागली. एवढंसं 'नाही' म्हटल्यावर ही गत.

नव्या कटरची खाच भिंगाखाली बघतानाच बरं वाटलं. तिने तुकडा चढवला, भार हलका ठेवला आणि स्टूल ओढून मशीनजवळ बसली. ओढ, सोड. ओढ, सोड. डोळ्यांना काही दिसत नाही. टेबलावर तळहात ठेवला तर मात्र एक बारीक थरथर मनगटातून कोपरापर्यंत चढत येते. बाकीचे लोक हा वेळ वाचनात, फोनमध्ये घालवतात. ती हात ठेवून बसते. आज डोक्यात कालचा फोन होता. तिला तो हवा होता. हे इतकं साधं वाक्य होतं आणि तिने ते मनातसुद्धा कधी पुरतं म्हटलं नव्हतं. 'वेळ जात नाही', 'घर मोठं वाटतं', 'आईंना करमत नाही', अशी काहीतरी गोल गोल वाक्यं ती त्याच्या भोवती फिरवत आली होती. आता थरथरत्या लोखंडावर हात ठेवून तिने म्हटलं, तो मला हवाय. त्याचं मोठ्याने शिंकणं हवंय, आंघोळीनंतर ओल्या पावलांनी सगळ्या घरात फिरणं हवंय, ज्यावरून मी त्याला रोज बोलायची. झोपेत कूस वळवताना त्याचा जड हात अंगावर पडायचा, तो हवाय. त्याचा एक निळा शर्ट कपाटात आहे. तो कुणी घालत नाही, तरी दर महिन्याला ती धुते. धुतल्याने त्याच्या अंगाचा वास कधीच गेला, हे कळूनही धुते, कारण दोरीवर तो शर्ट दिसला की खालचा दुकानदार विचारतो, "आले वाटतं साहेब?" आणि तेवढं एक वाक्य तिला ऐकायचं असतं.

वर्षातून एकदा तो महिनाभर येतो. पहिले दिवस पाहुण्यासारखा वागतो. मागच्या वेळी स्वयंपाकघरात येऊन, सगळे खण उघडून बघून त्याने विचारलं होतं, "चमचे कुठे ठेवतेस हल्ली?" तिने दाखवलं. त्याने एक चमचा घेतला आणि तो हातात धरून नुसताच उभा राहिला. तेव्हा तिला वाटलं होतं, आता हा काहीतरी बोलेल. आणि त्याला वाटलं असेल, आता ही बोलेल. कुकरची शिटी झाली आणि दोघंही सुटल्यासारखे कामाला लागले. जायच्या दिवशी टॅक्सीत बॅग ठेवताना तिच्या अगदी ओठांवर आलं होतं की नको जाऊस. ती म्हणाली, "पोचल्यावर कळव." आणि त्याने पोचल्यावर कळवलं. खरंच, कधीही विसरला नाही. दोघांनीही एकमेकांना कधी दुखेल असं विचारलं नाही, आणि दुखलं नाही म्हणून दोघांना वाटत राहिलं की केवढं भक्कम आहे.

विचारलं आणि तुटलं तर? हेच होतं. नेमकं विचारावं आणि त्याने तितक्याच शांतपणे सांगावं की मला इथेच बरं वाटतं, मी आता तिकडचा राहिलो नाही. मग निळ्या शर्टाचं काय करायचं? 'चालेल'मध्ये निदान तो होता, बुधवारी आणि रविवारी, वाऱ्याच्या मागून का होईना. ती भिंगाला डोळा लावायची, टोक तसंच. परत हात ठेवायची. तास गेला, आणखी गेला. बटणाकडे तिचं लक्ष जात होतं. हात गेला नाही. मग केव्हातरी तिने परत बघितलं आणि खाचेच्या टोकातून एक रेघ निघालेली होती, इतकी बारीक की दिवा जरा हलवला की दिसायची आणि परत हलवला की जायची. कुणी जबरदस्ती न करता निघालेली.

साहेब थांबले नाहीत. "सकाळी बघू" म्हणून गेले. मायक्रॉन दारातून डोकावून "माझा कटर काय म्हणतोय?" विचारून गेला. घरी तिने फोन करून सांगितलं की उशीर होईल. "आणि त्याचा फोन?" सासूबाईंनी विचारलं. "त्याला मोबाइलवर करायला सांगितलंय." "इथे माझ्यासमोर नको म्हणून?" "हो," ती म्हणाली. "शहाणी आहेस," सासूबाई म्हणाल्या आणि फोन ठेवून दिला.

तुकडा तुटला तेव्हा आवाज बरोबर आला. खट्ट. आकडा सकाळच्यापेक्षा कितीतरी कमी, चालेल त्या मर्यादेच्या जेमतेम वर. साहेबांना आवडला नसता. तिने अर्धे उचलले. भेगेचा पट्टा काठापासून काठापर्यंत सरळ, मऊ, आणि त्याच्यापुढे तुटलेलं खरखरीत पोलाद, सगळं नीट वाचता येणारं. मोजमापं घेऊन झाली. फोटो तेवढा सकाळच्या उजेडात काढायचा राहिला. ती दोन्ही अर्धे ट्रेमध्ये वेगळे ठेवत होती तेवढ्यात फोन वाजला. तिने तो कान आणि खांद्याच्या मध्ये दाबून धरला. आधी वारा आला.

"बरी आहेस ना?"

"नाही," ती म्हणाली.

"काय झालं? आई..."

"आई बऱ्या आहेत. मी बरी नाही. आजारी वगैरे नाही. ते दोन वर्षांचं, मला नाही चालणार."

वारा. मागे कुठेतरी कसलं तरी इंजिन चालू होतं. "काल तर चालेल म्हणालीस."

"तू 'चालेल ना' असं विचारलंस. त्याला माणूस काय म्हणणार? प्रत्येक वेळी तू तेच विचारतोस आणि मी तेच म्हणते. ऐक. मला तू इथे हवायस. रोज. भांडायलासुद्धा हवायस. तुला तिकडेच राहायचं असेल तर तसं सांग, मी ऐकून घेईन. पण बघू म्हणू नकोस."

पलीकडून नुसतं इंजिन ऐकू येत राहिलं. अशा वेळी काय करायचं हे तिच्या जिभेला पाठ होतं. ते दोन शब्द पुढे आलेच होते, जेवलास का; विचारलं की तो हो म्हणेल, आणि सगळं पुन्हा गुळगुळीत होईल. तिने ओठ मिटून घेतले. पलीकडचं इंजिन बंद पडलं. मग नुसता वारा राहिला, आणि त्यात त्याचा श्वास, भराभर चाललेला.

"मी जेवत नाही," तो म्हणाला.

"काय?"

"तुझ्याशी बोलणं होतं त्या दिवशी संध्याकाळचा. जेवलो म्हणतो तुला, आणि फोन ठेवला की खोलीत जाऊन पडतो. घास उतरत नाही." थांबला. "मला वाटायचं, तुमचं तिकडे नीट बसलंय. मी आलो की उगाच अडचण. मला चमचेसुद्धा सापडत नाहीत त्या घरात."

तिला डोळे पुसायचे होते आणि हात मोकळे नव्हते. तिने खाली बघितलं. दोन्ही हातांत दोन अर्धे होते, आणि ते एकमेकांवर घट्ट दाबलेले होते. केव्हा उचलले, केव्हा जोडले, काही कळलं नव्हतं. इतके बसले होते की सांधा दिसत नव्हता.

"अरे देवा," ती म्हणाली.

"काय गं?"

"जोडले मी."

त्याला समजायला एक क्षण लागला. "ताजे?"

"आत्ताचे. फोटो काढायचा होता."

आणि मग तो हसला, पण ते हसू सरळ येईना, मध्येच फाटत होतं. "अहो, जोडू नका," तो तिच्या तेव्हाच्या आवाजात म्हणाला, आणि त्याला पुढे बोलता आलं नाही. मग नाक ओढून तो म्हणाला, "कागद नाही देत मी. उद्या सकाळी जाऊन सांगतो त्यांना. येतो."

सकाळी साहेबांना सांगावं लागणार होतं. मायक्रॉनला परत खाच पाडायला लावावी लागणार होती. तिने अर्धे वेगळे केले नाहीत. ते सोडले की दोन होणार हे तिला माहीत होतं, आणि आत्ता घाई नव्हती.

"जा," ती म्हणाली, "आधी जेव जा."

"जातो," तो म्हणाला. आणि फोन दोघांपैकी कुणीच ठेवला नाही.